सगळ्यांनी डोळे मिटा

६ जानेवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू चिडतेस, म्हणून सुरुवात तिथूनच करते. तुझा दादा सकाळच्या गाडीने निघाला. हे पत्र पोचेपर्यंत तो तुझ्या खोलीत पाय पसरून बसलेला असेल आणि तुझा एकुलता एक चांगला टॉवेल ओला करून त्याने दोरीवर टाकलेला असेल. सांभाळून घे.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. इकडे तुझ्या आईला स्पीकर लावल्याशिवाय बोलता येत नाही आणि तिकडे तू फोन उचललास की तुझा दादा शेजारीच असणार. नणंद-भावजयीचं बोलणं पाकिटातच बरं. पत्ता तुझ्या साइट ऑफिसचा घातला आहे.

एक मागणं आहे. त्याला आतलं काम दे. खोल्या, छत, दारं, असेल ते. बाहेरच्या भिंती नकोत. तू म्हणशील, याने पाण्याची टाकी रंगवली, कारखान्याचं धुराडं रंगवलं, तेव्हा तर तू खाली उभी राहून टाळ्या पिटत होतीस, आता काय झालं? काही झालेलं नाही. वय झालं माझं. मान वर करून बघवत नाही.

चिमणी शाळेत सांगत सुटली आहे की बाबा ढगांना रंग द्यायला गेलाय. मी पडदे शिवतेय, कुणाच्या तरी नव्या घराचे. मांडीवर कापड पडलं की मला आपली तुझी इमारत दिसते. तिच्या खिडक्या झाल्या की पडदे माझ्याकडेच यायला हवेत, सांगून ठेव.

तुझी वहिनी


१५ जानेवारी

प्रिय वहिनी,

टॉवेलचं भाकीत खरं ठरलं. शिवाय त्याने माझी उशी पळवली आणि वर मलाच ऐकवतो की तू झोपेत बडबडतेस. बडबडत असेन. हल्ली मला झोपेतही इमारत दिसते. कुठल्यातरी मजल्यावर मी जिना शोधत असते आणि जिना माझी वाट बघत असतो.

तुम्हा सगळ्यांना वाटतं, सुरक्षेचं काम म्हणजे मी साइटवर शिट्टी फुंकत फिरते. फिरतेच, म्हणून तर मला इथे शिट्टीबाई म्हणतात. पण माझं खरं काम सकाळचं, पत्र्याच्या केबिनमधलं. नवा माणूस रोजंदारीवरचा असो की ठेकेदाराबरोबर आलेला, माझ्यापुढे तासभर बसल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही. हेल्मेट कसं घालायचं, कमरेच्या पट्ट्याचा हूक कुठे अडकवायचा, भोंगा वाजला की कुठे जमायचं. याला इंडक्शन म्हणतात. सुरुवातीला मी हे सगळं तक्त्यावर दाखवायचे आणि लोक माझ्यादेखत डुलक्या काढायचे. एक दिवस वैतागून म्हटलं, झोपायचंच आहे ना, मग सगळ्यांनी डोळे मिटा.

तेव्हापासून हीच पद्धत पडली. ते डोळे मिटतात आणि मी त्यांना इमारतीतून हिंडवून आणते. "तुम्ही आठव्या मजल्यावर आहात. उजव्या हाताला भिंत, ओली आहे, टेकू नका. डाव्या हाताला भिंतच नाही. तिथे हिरवी जाळी आहे, आणि जाळीपलीकडे पक्षी. भोंगा वाजतोय. जिना कुठे? बोटाने दाखवा." आणि मिटल्या डोळ्यांनी सगळी बोटं एका दिशेला वळतात. वहिनी, एकदा बघायला ये. बाहेर धुकं असतं, वरचे मजले त्यात विरघळून गेलेले असतात, आणि इथे बाकांवर बसलेली माणसं कधी न पाहिलेल्या जिन्यावरून सावकाश उतरत असतात. कुणाचे पाय हलतात. कुणी हसतं. मागे एक सुतार म्हणाला, "बाई, वाटेत स्वयंपाकघर लागलं. थांबू का जरा चहाला?"

आता तुझ्या नवऱ्याचे प्रताप ऐक. सगळ्यांनी डोळे मिटले आणि हा टक्क उघडे ठेवून बसला. मी म्हटलं, "नवे रंगारी, डोळे मिटा." मिटले, आणि लगेच दोन्ही हातांनी बाक धरून उघडले. वर सगळ्यांसमोर म्हणतो, "मला बघत बघत जायची सवय आहे." लपंडावातही हा असाच बोटांच्या फटीतून बघायचा! त्याच दिवशी एक गवंडी कामावर आलाय, अंगाने काडी पण तोंडाने एवढा मोठा की पहिल्या तासातच त्याचं नाव पैलवान पडलं. तो म्हणाला, "डोळे मिटून कशाला, मी परांचीच्या फळीवर झोपेतही चालतो." सगळे खदाखदा हसले आणि माझ्या तासाचा बोऱ्या वाजला.

शेवटी मी विचारते, उंचावर कुणाला गरगरतं? हात वर करा. आजवर एकही हात वर आलेला नाही. मी त्यांच्याकडे बघते, ते एकमेकांकडे बघतात आणि मग आम्ही सगळे चहाला उठतो.

तुझा जीव भांड्यात पडू दे. सध्या आतल्याच खोल्या आहेत.

तुझी,
वन्सं (घे!)


२४ जानेवारी

प्रिय वन्सं,

तुझं पत्र मी आईंना आणि चिमणीला मोठ्याने वाचून दाखवलं. दोघींनी डोळे मिटून घेतले होते. आई म्हणाल्या, आठव्या मजल्यावर हवा छान आहे. चिमणीला पक्षी दिसला, पिवळ्या चोचीचा.

लपंडावाचं आलं तिथे मी थांबले. उठून पाणी प्यायले. मग उरलेलं मनातच वाचलं.

त्याने बाक दोन्ही हातांनी धरला होता? तू नक्की पाहिलंस? असो. खोड्या करायची सवयच आहे त्याला. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आतल्या खोल्या कधी संपतात ते मला आधी कळव. आधी, म्हणजे आधी.

तुझी वहिनी


१० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

आधी कळवते आहे. खोल्या संपत आल्या.

काल संध्याकाळी मी वरपर्यंत गेले होते. दादाने रंगवलेल्या खोल्या एकीतून एक उघडत जातात, पांढऱ्या, रिकाम्या. उन्हाची तिरीप जमिनीवरून सरकत होती. त्यातल्या एका खोलीत तो खिडकीच्या कोनाड्यात बसला होता. म्हणाला, "इथे कुणी राहायला आलं ना, तर त्यांना माहीतही नसेल की पहिला मी राहून गेलो." मी त्याच्याजवळ बसले. खूप वर्षांनी आम्ही दोघं भांडण न करता इतका वेळ बसलो असू. तुझं नाव त्याने मध्येच उगाचच घेतलं. खूप आठवण येते गं त्याला तुझी. झोपतानाही दिवा मालवू देत नाही. एवढा मोठा बाप्या, अंधार नको म्हणतो! मी डोळ्यांवर ओढणी टाकून झोपते.

आता बाहेरच्या भिंती. मुकादमाने विचारलं, परांचीवर कोण कोण येणार, तर सगळ्यात आधी तुझा नवरा उठून उभा राहिला. डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, काही त्रास होतो का विचारलं, हा म्हणाला ठणठणीत. उंचीवर काम करणाऱ्यांना पास लागतो, त्यावर माझी सही असते. मार्चच्या पहिल्या सोमवारी त्या सगळ्या टोळीला पुन्हा एकदा माझ्या तासाला बसावं लागेल आणि मग मी पास वाटीन.

आपल्या दादाच्या पासवर आपली सही. आईला सांग, तिला बरं वाटेल.

तुझी


१६ फेब्रुवारी

वन्सं,

सही करू नकोस.

का, ते मी सांगणार नाही. चिमणीच्या डोक्यावर हात ठेवायला लावून त्याने माझ्याकडून वचन घेतलं आहे. तू एवढंच कर. सकाळी तो तोंड धुतो तेव्हा लांबून बघ.

वहिनी


२१ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

बघितलं.

घरून मी त्याच्याआधी निघते, म्हणून कधी लक्षातच आलं नव्हतं. साइटवर नळांची ओळ आहे, दुपारी जेवणाआधी सगळे तिथे हात-तोंड धुतात. मी सिमेंटच्या पोत्यांमागे उभी राहिले. बाकीचे दोन्ही हातांनी साबण चोळत होते, फुर्र फुर्र करत पाणी उडवत होते. दादाचा डावा हात नळाच्या पाइपवर होता, घट्ट. उजव्या हाताने तो चेहऱ्याला साबण लावत होता आणि डोळे सताड उघडे. साबण झोंबून लाल झालेले, तरी उघडे. मग कुणीतरी गमतीत त्याच्या तोंडावर पाण्याचा हबका मारला. त्याचे डोळे मिटले, आणि वहिनी, आपला दादा उभ्या उभ्या कलला. पाइप हातात होता म्हणून वाचला. लगेच हसला. सगळे हसले.

मला तो बाक आठवला. दिवा आठवला. आणि मी तुला विनोद म्हणून काय काय लिहिलं होतं! स्वतःचा इतका राग आला की पोत्यावरच बसले. रोज नव्या माणसांना सांगते, शेजारच्याकडे लक्ष ठेवा. आणि माझ्या शेजारी कोण झोपलंय ते मला दिसलं नाही.

परांचीवर वारा असतो. डोळ्यात कचरा जातो. पापणी मिटायला कितीसा वेळ लागतो?

मी उद्याच मुकादमाला सांगून त्याचं नाव कापू शकते. एका वाक्याचं काम आहे. ते करण्याआधी तुला विचारते आहे, कारण तू इतके दिवस गप्प राहिलीस त्याअर्थी काहीतरी कारण असणार. आता मला सगळं सांग. बघितलं मी माझ्या डोळ्यांनी, तुझं वचन मोडत नाही.

तुझी


२५ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुझं पत्र वाचून मी मशीन बंद केलं आणि आधी पोटभर रडून घेतलं. कुणाला तरी कळलं. किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

गेल्या वर्षी त्याचा कान दुखत होता, आठवतं? कानाचं दुखणं गेलं, पण जाताना त्याचा तोल घेऊन गेलं. डोळे उघडे असले की काही नाही. टाकीवर चढेल, कठड्यावर बसेल. डोळे मिटले किंवा अंधार झाला की त्याला खाली काय आणि वर काय कळत नाही. मी डॉक्टरचं नाव काढलं तर दोन दिवस बोलला नाही. म्हणाला, लोक मला उंचावरचा रंगारी म्हणून ओळखतात, तू मला जमिनीवरचा करणार का?

नाव कापू नकोस. मागच्या कामावर तिथल्या साहेबाला संशय आला, त्याने सगळ्यांदेखत विचारलं. हा तिथल्या तिथे ब्रश टाकून निघून आला आणि दुसऱ्याच दिवशी अशा ठिकाणी लागला जिथे पट्टा नाही, जाळी नाही, विचारणारं कुणी नाही. मी ते दिवस कसे काढले ते माझं मला ठाऊक. चारचौघांत तू त्याचं नाव घेतलंस तर तो तुझ्या खोलीतून पिशवी उचलेल आणि मग तो कुठल्या भिंतीवर लटकतोय ते तुलाही कळणार नाही आणि मलाही.

त्याच्या तोंडून आलं पाहिजे. कसं ते मला सुचत नाही. मी पडदे शिवणारी बाई. तू माणसांना न पाहिलेल्या जिन्यावरून उतरवतेस, तूच काहीतरी कर.

पण सही मात्र करू नकोस.

तुझी वहिनी


३ मार्च

प्रिय वहिनी,

काल सोमवार होता. आज गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय, अक्षर लावून घे.

तुझं पत्र मिळाल्यावर मी मुकादमाला गाठलं. म्हटलं, सोमवारी जो कुणी गरगरतं म्हणून सांगेल त्याला घरी धाडायचं नाही, खालचं काम द्यायचं, आणि हजेरीचे पैसे तेच राहतील. तो हसायला लागला. "बाई, आजवर कुणी हात वर केलाय का? तुम्ही म्हणाल ते वचन देतो." मी म्हटलं, मग सगळ्यांसमोर द्या. सकाळी केबिनच्या दारात उभा राहून त्याने ते दिलं आणि जांभई देत निघून गेला.

मी त्यांच्यापुढे उभीच राहिले नाही. पार मागे जाऊन भिंतीला टेकले. पुढे फक्त पाठी आणि पिवळी हेल्मेटं. कुणाचाच चेहरा मला दिसायला नको होता. दादाचा तर मुळीच नको, रडले असते.

"सगळ्यांनी डोळे मिटा," म्हटलं. "आज आपण बाहेरून जाणार आहोत. पायाखाली फळी आहे. हूक अडकवलाय, ओढून बघा. वारा आहे थोडा. शेजारी खिडकी आहे, आत बघा. तुम्हीच रंगवलेली खोली. आता तिथे माणसं राहतात. कुणाच्या तरी हातचे पडदे लावलेत, ते हलतायत. आत एक मूल जमिनीवर बसून काहीतरी खेळतंय. त्याने तुमच्याकडे बघितलं. हात हलवा त्याला." वहिनी, एवढाले बाप्ये, पण काहींनी खरंच हात हलवला. मला स्वतःलाच क्षणभर वाटलं की आपण सगळेच त्या खिडकीबाहेर तरंगतोय.

मग म्हटलं, "डोळे उघडू नका. इथे आता कुणी कुणाला बघत नाहीये. मी मागे आहे, मलाही तोंडं दिसत नाहीत. मुकादमांचा शब्द तुम्ही ऐकलाय. वर गेल्यावर ज्याला गरगरतं, डोळा मिटला की ज्याला फळी कुठे ते कळत नाही, त्याने हात वर करायचा."

काहीच झालं नाही. बाहेर मिक्सर फिरत होता, तेवढाच आवाज.

पहिला हात कुणाचा आला असेल? पैलवानाचा! झोपेत चालणाऱ्या पैलवानाचा. खांद्याच्या वर गेला नाही, पण आला. मग त्याच्या पुढच्या बाकावर एक. मग खिडकीशी एक. पुन्हा सगळं थांबलं. मी भिंतीवर तळवे टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, दादा, आता, आता. आता नाही तर मला तुझं नाव घ्यावं लागेल आणि तू निघून जाशील.

आणि मग मागच्या बाकावरून, अगदी माझ्या पुढ्यातून, एक हात वर गेला. रंगाचे डाग पडलेला, वाकड्या करंगळीचा. लहानपणी दारात सापडली होती ना, तीच ती करंगळी. तो हात सगळ्यांत उंच होता.

संध्याकाळी हात वर केलेले एकेकटे माझ्याकडे आले. दादा शेवटी आला. म्हणाला, "मला कुठे टाकतेस?" म्हटलं, "रंग कालवायला. त्याआधी सुट्टीवर घरी जा आणि कानाच्या डॉक्टरांना भेट." त्याने हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळला. मग म्हणाला, "तुला आधीच माहीत होतं?" मी म्हटलं, "मला तूच सांगितलंस, आज सकाळी." तो माझ्या डोक्यावर टपली मारून गेला.

मला राहून राहून एकाच गोष्टीचं भरून येतं. त्याने डोळे मिटले, वहिनी. त्याला किती भीती वाटत असेल, तरी मी म्हटलं म्हणून मिटले, आणि त्या गरगरत्या अंधारात एकट्याने हात वर केला. माझ्या शब्दावर इतका विश्वास त्याने जन्मात कधी ठेवला नव्हता.

तो शुक्रवारी निघेल. टॉवेल इथेच ठेवायला सांगितलाय.

तुझी


१४ मार्च

प्रिय वन्सं,

टॉवेल इकडे आला आहे. धुऊन परत पाठवीन.

डॉक्टर चांगले आहेत. म्हणाले, वेळ लागेल, पण पुष्कळसं सुधारेल. आधीच यायला हवं होतं म्हणून त्यांनी त्याला झापलं आणि नंतर बाहेर येऊन मलाही. घरी करायचे व्यायाम दिलेत. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यात उभं राहायचं, पुढ्यात खुर्ची ठेवायची आणि डोळे मिटायचे. चिमणी समोर उभी राहून हुकूम सोडते, "बाबा, तुम्ही आठव्या मजल्यावर आहात. बोटाने जिना दाखवा." त्याचं बोट रोज भलतीकडेच जातं, एकदा तर थेट आईंकडे गेलं. आई म्हणाल्या, माझ्यावरून उतरलास तर याद राख!

आता तुझा एक गैरसमज दूर करते. करू नये असं वाटत होतं, पण मग वाटलं, खरं त्याहून सुंदर आहे.

त्याने डोळे मिटले नव्हते.

काल रात्री जेवताना आपणहून सांगितलं. म्हणाला, "मी मिटतच नाही ना कधी. तिला वाटलं कुणीच बघत नाहीये. सगळे बसलेत, मान खाली, डोळे मिटून, देवळात बसल्यासारखे. त्या अख्ख्या खोलीत मी एकटा बघत होतो. मी ठरवलं होतं, हात वर करायचा नाही. आणि मग पैलवानाचा हात वर गेला. मी म्हटलं, हा? मग दुसरा. मग खिडकीपाशी बसतो तो, जो मला परांचीवर कसं चालायचं ते शिकवायचा, त्याचा. त्यांना एकमेकांचे हात दिसत नव्हते. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. फक्त मला दिसत होतं की आम्ही चौघं आहोत." मग भाकरीचा तुकडा मोडला. म्हणाला, "तिघं होते ते. चौघं तर मी हात वर केल्यावर झालो."

तेव्हा तुझ्या शब्दावर विश्वास-बिश्वास काही नाही हो वन्सं, लपंडावात तो अजूनही चोरूनच बघतो. पण जे त्याला दिसलं ते तू दाखवलंस. तुझे उपकार कसे फेडू असं लिहिणार होते, पण तू शिट्टी वाजवशील, म्हणून पडद्यांचं ठरलं. एका खिडकीचं माप पाठव, ज्या खोलीत तो बसला होता त्या खोलीच्या. तिथे कोण राहायला येईल ते येवो, पडदा माझ्याकडून.

आज सकाळची गोष्ट सांगते आणि संपवते. तो नळापाशी तोंड धूत होता. मी मागून गेले आणि चपला काढून अनवाणी उभी राहिले, चाहूल लागू नये म्हणून. त्याने दोन्ही हातांनी साबण लावला. मग डोळे मिटले. नळ धरला नाही. थोडासा डोलला. मी हात पुढे केला, पण लावला नाही. तो पुन्हा सरळ झाला, आणि डोळे मिटलेलेच ठेवून, फेसाच्या तोंडाने म्हणाला, "मागे उभी आहेस ना?"

मी म्हटलं, "नाही."

तुझी वहिनी